लोणच्याच्या बरणीतली मोटार

मालक गेलं त्येला येत्या श्रावणात वरीस व्हईल. घरी येणारा जाणारा एवढंच म्हणतो, सयाजी लई चांगला माणूस व्हता. व्हय, चांगलंच व्हतं. पण त्यात त्येंचं असं काय आलं? गावात कोण बी गेलं तरी आपण असंच म्हणतो की. म्हणून म्हणलं आपणच लिवावं. माझी शाळा चौथीत सुटली. बोलते तसं फोनवर लिवतीया, तुमी नीट करून वाचा.

आमचं गाव उजनीच्या फुगवट्याला. पावसाळ्यात धरणाचं पाणी पार आमच्या बांधाला येऊन टेकतं, आन् उन्हाळ्यात रोज थोडं थोडं मागं सरकतं. मंग आमच्या मोटारी बी पाण्याच्या मागं मागं पळत्यात. पाणी हटलं की पाईप फुडं सारायचा, केबल ओढायची. ज्याच्या ध्यानात न्हाय आलं त्याची मोटार हवा खाते, कोरडी फिरते आन् जळते. ऐन उन्हात मोटार जळाली म्हणजे केळीची बाग गेलीच म्हणून समजा.

मालकांना मोटारीचं समदं आवाजावरनं कळायचं. त्येंचा आधी साऊंडचा धंदा व्हता. लग्नाला, जयंतीला कर्णं बांधायचं. आमच्या लग्नात बी कर्णा ह्यांचाच. वरातीत कर्ण्याची शिट्टी वाजायला लागली तसा नवरदेव घोड्यावरनं खाली उतरला आन् मशीनपाशी जाऊन बटणं फिरवत बसला. माझी आई म्हणली, "इंदे, ह्यो संसार करंल का वायरी जोडंल?" मालकांनी दोनी बी केलं.

फुडं मोठमोठं डीजे आलं, तसं ह्यांचं कर्णं माळ्यावर गेलं. मालक शेतीत उतरलं, केळी लावली. चार वरसं बरी गेली आन् मंग त्येंची किडनी गेली. दर मंगळवारी आन् शुक्रवारी अकलूजला मशीनवर रक्त धुवून घ्यायला जायचं. सकाळच्या जीपनं जायचं ते दिवस कलल्यावर यायचं. आल्यावर नुसतं पडून ऱ्हायचं. काठावर जाण्याची ताकत ऱ्हायली न्हवती.

आमच्याकडं सालाचं बोलणं पाडव्याला व्हतं. गडी ठेवायचा का न्हाय, रान वाट्यानं द्यायचं का न्हाय, समदं तवाच ठरतं. त्या पाडव्याला गुढी उभारून झाली आन् थोरलं दीर, रामहरी भाऊजी, ओट्यावर येऊन बसलं. संगं आमच्या थोरल्या जाऊबाई, वैजयंती अक्का.

भाऊजी म्हणालं, "सया, बाग मला वाट्यानं दे. तू तिकडं मशीनला झोपणार. हिकडं मोटारीकडं कोण बघणार? इंद्रायणी?"

आन् हसलं. वाईट मनानं न्हाय हसलं, पण हसलं.

मालक म्हणालं, "दादा, केळी निसवायला लागलीया, घड बाहेर पडत्यात. घड उतरूस्तवर थांब. एवढा एक उन्हाळा मला दे. बाग वाळली तर तुझ्या हातात देतो, मंग मी तोंडातनं शब्द काढणार न्हाय."

"आरं पण मोटार बघणार कशी?"

"बघणार न्हाय. ऐकणार."

अक्का म्हणल्या, "घ्या! आता मोटार अकलूजला जाऊन गाणं म्हणणार!"

समदी हसली. मी आत चहा गाळत व्हते. मला हसू आलं न्हाय. दुखण्यानं माणूस निम्मा झालता. रान हातातनं गेलं असतं तर उरलेला निम्मा बी गेला असता, ह्ये मला दिसत व्हतं.

आधी मालकांनी सोपं करून बघितलं. घरातला जुना फोन मोटारीपाशी ठेवला, त्याला फोन लावला आन् कानाला धरून बसलं. माझं बोलणं येतंय, पाखरू वरडलेलं येतंय, मोटार मातर गप. मी म्हणलं, "बंद पडली का काय?" तर म्हणालं, "न्हाय गं. फोन लई शाना झालाय. एकसारखी घरघर आली की त्याला वाटतं ही खरखर हाय, मंग तो ती गाळून टाकतो. आन् आपल्याला तर घरघरच पायजे."

मंग पार्सलं यायला लागली. काड्यापेटीएवढा एक बोर्ड, त्याला इएसपी म्हणत्यात. तो वायफाय धरतो आन् नेटवरनं आवाज धाडतो. नखाएवढा एक माईक, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. आन् चिमटीत मावंल एवढा अॅम्प्लिफायर. शहरातली माणसं हौस म्हणून असल्यावर खेळत्यात म्हणं. मालक व्हिडिओ बघून शिकलं. बोलणं इंग्रजीत असलं तर आवाज बंद करायचं आन् त्या माणसाचं नुसतं हात बघायचं. अंगात बळ न्हवतं पण कथील धरून वायरीला डाग द्यायला बसलं की हात हालायचा न्हाय. मला जवळ बसवायचं आन् म्हणायचं, "वायर तू धर. बघून ठेव." मला वाटायचं मदतीला बसवलंय.

आता ह्ये समदं पावसापाण्यात ठेवायचं कशात? तर माझी लोणच्याची बरणी घेतली, मोठी प्लास्टिकची. लोणचं पातेल्यात वतलं. म्हणलं, "अवो, लोणचं नासंल की!" तर म्हणालं, "लोणचं फुडच्या वर्साला घालशील, बाग न्हाय यायची."

बरणीत बोर्ड बसला, नेटसाठी तोच जुना फोन बसला. समोरनं एक बारीक भोक पाडलं, त्याच्या मागं माईक. बाजूला गाडीची बॅटरी, खांबावर सोलरची पाटी. आन् माळ्यावरचा एक कर्णा उतरवून त्याच खांबाला बांधला. म्हणजे काठावरचा आवाज मालकांच्या फोनवर यायचा, मालक बोललं की काठावर कर्ण्यातनं निघायचं. घरी चुलीपाशी बी एक स्पीकरचा डबा ठेवला, त्यात मला ऐकू यायचं. फक्त एक व्हतं, आवाज दोनी बाजूनं उशिरा पोचायचा. हितनं बोललं की दम धरायचा, मंग तितं कळायचं.

चालू केलं त्या दिवशी पहिला आवाज मोटारीचा आलाच न्हाय. पहिला आवाज आला सिदूचा. सिदू म्हणजे आमच्या काठाला मासं धरतो तो. त्याच्या जोडीदाराला म्हणत व्हता, "सयाजीनं खांबाला लोणचं टांगलंय बग. भाकरी असती तर हितंच बसलो असतो."

मालकांनी फोन तोंडापाशी धरला आन् वरडलं, "सिद्या, भाकरी घरनं आण! बरणीला हात लावशील तर बघ!"

जरा येळ गेला आन् डब्यातनं धबाक्कन पाण्यात पडल्याचा आवाज आला. सिदू होडीतनं खाली गेला. मालक त्या दिवशी इतकं हसलं की मला भ्या वाटलं, ह्यांना दम लागतोय का काय.

मंग ह्यांनी मला मोटार ऐकायला शिकवली. चुलीपाशी बसवायचं आन् इचारायचं, "आता कशी हाय?" मी म्हणायची, "हाय तशीच हाय." "तशीच म्हणजे कशी?" मला सांगता यायचं न्हाय. मंग त्येच सांगायचं. पोट भरलेली मोटार जड बोलते, ताक घुसळल्यागत. हवा खायला लागली की डब्यात खडं हलवल्यागत व्हतं. जाळीत शेवाळ अडकलं तर धाप लागते. आठ पंधरा दिवसात माझ्या कानाला ते लागलं. भाकरी थापता थापता मी म्हणायची, "अवो, धाप लागलीया," आन् मालक नुसतं मान हलवायचं.

अकितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मातर घोळ झाला. मालक अकलूजला मशीनवर व्हतं. तितनं त्येंचा फोन आला, आवाज घाबरलेला. "इंदे, मोटार बंद कर! पळ! बेरिंग गेलं न्हायतर मोटार पाण्यात बुडाली!" माझ्या डब्यात बी मोटार एकदम लांब गेल्यागत, कुनी तिच्यावर गोधडी टाकल्यागत. मी तशीच पळत काठावर गेले. बघते तर मोटार ठणठणीत. पाणी बदाबदा पडतंय.

मी बरणीपाशी वरडले, "मोटारीला काय झालं न्हाय!"

जरा येळानं कर्णा म्हणाला, "मंग मी बहिरा झालो का?"

तवा माझं ध्यान बरणीकडं गेलं. बरणीला हळद कुंकू लावलेलं, आन् ते बी नेमकं भोकावर, अंगठा दाबून. सणाची मोटारीची पूजा करायला वैजयंती अक्का सकाळी येऊन गेल्या व्हत्या. ओलं कुंकू भोकात गच्च बसलेलं. मी बाभळीचा काटा घेतला आन् उकरून काढलं. मोटारीला एकदम गळा फुटला.

संध्याकाळी अक्कांना सांगितलं तर म्हणल्या, "मी चांगलं कपाळ बघून लावलं की! मला काय म्हाईत ह्येचं कपाळ आन् कान एकच हाय!"

हसून हसून मुरकुंडी वळली. पण भाऊजी हसलं न्हाईत. म्हणालं, "सया, बोटभर कुंकवानं ज्येचं काम बंद पडतं, त्येच्या जिवावर बाग ठेवतोस? आजून सगळा वैशाख जायचाय." मालक गुमान उठून आत गेलं. रात्री जेवलं न्हाईत.

मंग तो शुक्रवार आला. भाऊजींच्या मेव्हण्याच्या घरी लगीन व्हतं, अख्खी गल्ली तिकडं गेली. मालक अकलूजला. मी एकटी घरी, कारण मोटार चालू व्हती. ऊन असं की केळीची पानं दुपारी मिटून घ्यायची. घड पोसायला लागलं व्हतं. त्या दिवसात दोन पाणी चुकलं असतं तर घड झाडावरच पिवळं पडलं असतं.

मी लसूण सोलत बसले व्हते आन् डब्यात खडं वाजायला लागलं.

मी उठेपत्तुर मालकांचा फोन. "इंदे, हवा खातीया."

"ऐकलं मी. निघाले."

काठावर जाऊन आधी स्टार्टर बंद केला. बघते तर पाणी लई मागं गेलं व्हतं. पाईपाच्या तोंडाचा फुटबॉल, म्हणजे ती जाळी आन् झडप, निम्मी उघडी पडलेली. ह्ये काम गडी माणसं करत्यात, दोघं तिघं मिळून. हितं मी, आन् पाण्यात लांब सिदू.

मी हाका मारल्या. सिदू होडी घेऊन आला. म्हणला, "वैनी, गड्यांना बलवा की."

"गडी लग्नात बुंदी खात्यात. दोर धर."

वरनं कर्णा बोलला, "सिद्या, ती सांगंल तसं कर."

सिदू दचकला, पण ह्या येळंला पडला न्हाय. पाईपाचं तोंड होडीला बांधलं. तो वल्हवायला लागला, मी कंबरभर पाण्यात पाईप उचलून धरून चिखलातनं ढकलत ऱ्हायले. साडी अंगाला चिकटलेली, पाय घोट्यापत्तुर रुतत्यात. खोल पाण्यात गेल्यावर फुटबॉलचं शेवाळ हातानं वरबाडून काढलं, वर मोकळा ड्रम बांधला, म्हणजे जाळी पाण्यात ऱ्हाती पण तळाच्या चिखलात रुतत न्हाय. मंग काठावर येऊन मोटारीत पाणी वतायला लागले. आत पाणी भरून हवा निघाल्याबिगर मोटार पाणी उचलत न्हाय.

बादलीवर बादली वतली. मंग इचारलं, "चालू करू का?"

कर्णा गप. मला वाटलं, गप म्हणजे करच म्हणत्यात. बटण दाबलं. मोटार फिरली, पाणी आलंच न्हाय, नुसतं फुसफुस. आन् तवा कर्णा वरडला, "थांब! थांब! भरली न्हाय आजून!"

मी झटक्यानं बंद केली. एवढ्यात जळाली असती तर? बाग गेली, रान गेलं, आन् ते बी माझ्या हातानं. मी खाली बसले आन् रडायच्या बेताला आले.

कर्ण्यातनं मालकांचा आवाज आला, एकदम सावकाश, गाणं लावायच्या आधी माईक तपासत्यात तसा. "इंदे. माझं बोलणं तुझ्यापत्तुर उशिरा येतंय. तू बोल, आन् मी बोलूस्तवर हात बांधून उभी ऱ्हा. मी हाय."

त्येंच्या मागं कुठलंतरी मशीन टुक टुक वाजत व्हतं. एक बाई म्हणत व्हती, "काका, हात हलवू नका, सुई निघेल. आणि आवाज कमी करा जरा." दुसरं कोण तरी म्हणलं, "सिस्टर, राहू द्या हो. आम्हाला पण ऐकायचंय." म्हणजे समदा वार्ड माझ्या मोटारीपाशी येऊन बसला व्हता.

मी डोळं पुसलं आन् परत वतायला लागले. "बुडबुडं येत्यात आजून." हात बांधून उभी ऱ्हायले. जरा येळानं, "वत." वतलं. "आता काठोकाठ आलं, बुडबुडा न्हाय." उभी ऱ्हायले. सिदू बी होडीत हात बांधून उभा. "पाईपाच्या जोडावर कान लाव. सुस्कारा येतोय का?" कान लावला. "येतोय की वो!" "क्लिप आवळ." पेचकस घेऊन आवळली, तळहाताची सालटं निघाली. "आता न्हाय येत." उभी ऱ्हायले.

"कर चालू."

बटण दाबलं. खडं वाजलं. जरा वाजलं. मंग मोटार एकदम खाली बसली, जड झाली, आन् ताक घुसळल्यागत बोलायला लागली. पाईप थरथरला. लांब वर, बागेच्या तोंडाला, पाणी धबाधबा पडायला लागलं.

सिदू नाचायला लागला, होडी डगमगली. कर्णा मातर गप. नेट गेलं का? मालकांना काय झालं का? मी बरणीला तोंड लावून म्हणलं, "अवो, ऐकलं का?"

आन् मंग आलं. आधी टाळी, एक. मंग दुसरी. मंग अख्खा वार्ड टाळ्या वाजवायला लागला. मागनं मालकांनी सांगितलं, आजारी माणसं, सुया लावलेली, एका हातानं खाटेच्या दांडीवर थापा मारत व्हती. समद्या उजनीच्या पाण्यावर त्या टाळ्या गेल्या. चिखलातली लांब पायाची पाखरं थव्यानं उडाली. आन् त्या गोंधळात मालक वरडत व्हतं, "ऐकलं! इंदे, ऐकलं!"

मी आमच्या लग्नात नटून उभी व्हते तवा बी एवढं मोठं वाटलं न्हवतं.

बाग आली. घड असं उतरलं की गाडी भरणारी माणसं म्हणायची, ह्ये एकट्यानं उचलायचं न्हाय. गाडी भरताना मालक बांधावर खुर्ची टाकून बसलं व्हतं, टोपी घालून. भाऊजी आलं, एक घड खांद्यावर घेतला, गाडीत नेऊन ठेवला, आन् परत येऊन मालकांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालं, "जमवलंस की रं." मालक म्हणालं, "मी न्हाय, तिनं जमवलं. मी नुसता आडवा पडलो व्हतो." वाट्याचं बोलणं मंग कुनी काढलं न्हाय.

श्रावणात मालक गेलं. मशीनवरच झोपेत गेलं. सिस्टर सांगत व्हत्या, फोन उशापाशी चालू व्हता, मोटार बोलत व्हती. त्या दिवसाचं मला जास्त लिवता येत न्हाय.

दिवसकार्य झाल्यावर मी महिनाभर डबा बंद ठेवला. मंग एक दिवस न ऱ्हावून चालू केला. मोटार तशीच जड, पोट भरलेली. मी भाकरी थापायला घेतली.

ह्या पाडव्याला परत गुढी उभी ऱ्हायली आन् रामहरी भाऊजी ओट्यावर आलं. मला वाटलं, परत वाट्याचंच बोलणं काढत्यात. पण भाऊजींच्या हातात पिशवी व्हती. पिशवीतनं त्यांनी एक बरणी काढली, धुवून पुसून आणलेली.

म्हणालं, "इंद्रायणी, माझ्या मोटारीला बी एक करून दे. वय झालं, माझ्यानं बी काठावर सारखं जाणं व्हत न्हाय."

अक्का मागनं म्हणल्या, "आंब्याचं लोणचं व्हतं, चांगलं मुरलेलं. पातेल्यात वतलं ह्यांनी. मला इचारलं बी न्हाय."

मालकांनी बघून ठेव म्हणलं व्हतं, मी बघून ठेवलं व्हतं. पार्सलं मागवली. कथील तापवून डाग दिलं. माझा हात पहिल्यांदा हालला, मंग थांबला. सिदूनं खांब रोवला. काल भाऊजींची मोटार जोडून दिली. आवाज ऐकल्या ऐकल्या मी म्हणलं, "भाऊजी, तुमच्या जाळीत शेवाळ अडकलंय." भाऊजी गुमान धोतर खोचून पाण्यात उतरलं.

जाळी साफ करून वर आल्यावर अक्कांनी पूजेचं ताट काढलं. मी मागं सरले. आता माझं तितं काय काम, असं म्हणून. अक्कांनी ताट माझ्या हातात दिलं.

"धर. तू लाव."

मी म्हणलं, "अक्का, मी कशी..."

"गपे. मागल्या खेपंला मी लावलं तर मोटारीचं कान बसलं. ज्यानं बरणी केली त्यालाच तिचं कपाळ म्हाईत."

मी भाऊजींकडं बघितलं. ते वल्लं धोतर पिळत म्हणालं, "लाव की पोरी. पाणी खोळंबलंय."

मी हळद लावली, कुंकू लावलं. भोकाच्या चांगलं खाली लावलं. अक्कांच्या हातात नव्या बरणीला जोडलेला फोन चालू व्हता. जरा येळ गेला आन् त्यातनं खरखर आली, माझंच बोट बरणीवर फिरल्याची.